राणीच्या गालावरचा कोळसा

३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. आधी फोनच केला होता. तुम्ही तिकडून "कोण? कोण पाहिजे?" म्हणून ओरडत होतात, मी इकडून "मी, मी" करत होते आणि शेवटी "शिवणकाम बंद केलंय, माफ करा" असं म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की तुमच्या मेहुणीला या वयात एक भिंत मिळाली आहे. इथल्या नाट्यगृहाचा जिना नवा बांधलाय. जिना चढताना समोर जी मोठी पांढरी भिंत येते, तिच्यावर चित्र हवंय. समितीचे चिटणीस म्हणाले, "बाई, सगळ्यांना ठाऊक असलेली जुनी प्रेमकथा घ्या." मी घेतली. तो राजा, जुगारात राज्य हरलेला. बायकोला घेऊन रानात भटकतो, दोघांत मिळून एकच वस्त्र उरलेलं असतं. ती दमून झोपते आणि तो त्या वस्त्राचा अर्धा तुकडा कापून घेऊन तिला तिथेच सोडून जातो. चिटणीस म्हणाले, पळून जाण्यात प्रेम कुठे आलं? मी म्हटलं, तो जाता जाता कितीदा परत फिरून तिला बघतो, ते तुम्ही विसरलात.

आता माझं घोडं कुठे अडलंय ते सांगते. ही राणी मी पूर्वीच काढून ठेवली आहे आणि ती तुमच्या पलंगासमोर टांगलेली आहे. ताईचा तो कागद! मी टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे तेव्हाची गोष्ट. ताई भेटायला आली आणि बोलता बोलता माझ्या खाटेवर आडवी झाली. शाल अर्धी अंगावर, अर्धी जमिनीवर. मी दुपारभर कोळशाने तिला काढत बसले. हेच चित्र मोठं करायचं ठरवलं होतं, पण तेव्हा भिंत कोण देणार? उठल्यावर तिने पाहिलं, "मी घोरत होते का गं?" एवढंच विचारलं आणि कागद गुंडाळून तुमच्याकडे घेऊन गेली.

तो मला दोन महिन्यांसाठी पाठवा. नळकांड्यात घालून, वर प्लास्टिक लावून. काम झालं की स्वतः आणून देईन. ताईचे फोटो माझ्याकडे आहेत, पण त्यांच्यात ताई नसते, कॅमेऱ्याला घाबरलेली एक बाई असते.

तुमची
धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. भिंत मिळाली, फार आनंद झाला. पेंटरबाई आता लोकांच्या डोक्यावर बसणार.

कागद मात्र मिळणार नाही.

रागावू नकोस. तू काय करतेस ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. त्या नावाड्याचा कागद आठवतो? केवढा सुरेख काढला होतास. मग तू टाचणी घेतलीस आणि रेघेरेघेवर भोकं पाडत सुटलीस. भिंतीवर तो कागद धरून वरून कोळशाची पुरचुंडी आपटलीस. भोकांतून पूड जाऊन भिंतीवर ठिपक्यांचा नावाडी उतरला हे कबूल, पण खाली कागदाची चाळण झाली होती. तू ती चुरगळून टाकून दिलीस. तुझी ताई घरी येऊन म्हणाली होती, "बिचाऱ्याच्या डोळ्यांतसुद्धा टाचण्या घातल्या हो." तिच्या तोंडावर मी टाचण्या मारू देईन असं तुला वाटलं तरी कसं?

आणि तुझ्या त्या राजाचं मला पटत नाही. जन्मभर कापड कापलं म्हणून सांगतो. अंगावरचं कापड नुसतं पडलेलं असताना कापत नाही, ते ताणून धरावं लागतं. ताणलं की माणूस जागा होतो. कितीतरी गिऱ्हाइकं ट्रायलच्या वेळी उभ्या उभ्या पेंगायची, पण मी शिवण ओढली की दचकून डोळे उघडायची. तेव्हा ती राणी जागी असणार. बघ, तुझ्या समितीला विचार.

इकडे ठीक आहे. लेक रविवारी फोन करते. मला अर्धं ऐकू येतं, उरलेल्या अर्ध्याला मी "हो, हो" म्हणतो. त्यामुळे परवा मी कशाला तरी होकार दिलाय, कशाला ते कळायचंय. दुकान बंद आहे पण कटिंगचं टेबल ठेवलंय. त्याच्यावरच जेवतो. शेजारचे कोणी पॅंट लांडी करायला आणतात, तेवढाच हाताला चाळा.

एक सुचवतो. पातळ कागद वर ठेवून मी तुला रेघा उतरवून देतो. नमुने उतरवण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. त्याला तू हव्या तितक्या टाचण्या मार.

आणि अक्षर असं का आलंय? बसमध्ये बसून लिहिलंस काय?

भाऊजी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

अक्षराचं काय घेऊन बसलात, इथे थंडी मरणाची आहे.

नावाड्याचं तुम्ही इतकी वर्षं मनात धरून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. तेव्हा मी अडाणी होते, आता मूळ कागद वापरला नसता असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? वापरला असता. उतरवून घेतलेली रेघ ही पुसट होते, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या गमतीसारखी.

पण तुम्ही हट्टाला पेटलात की ताईनेही हात टेकले होते, तिथे माझी काय कथा. उतरवून द्या. बटर पेपर घ्या, घरात नसला तर स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. मऊ पेन्सिल घ्या. कापडावर नमुना उतरवायचं तुमचं ते दातेरी चाक त्याच्यावर चालवू नका, हात जोडते. दाबू नका. आणि मुख्य म्हणजे कोळशाला हात लागू देऊ नका. ताईने तेव्हा घाईने नेला म्हणून त्या कागदावर कोळसा धरून ठेवणारा फवारा मारायचा राहिला होता. काच लावा म्हटलं, तर म्हणाली, काचेत खिडकी दिसते, मी दिसत नाही. फळीवर पिना मारून तसाच टांगलात. नुसतं बोट फिरलं तरी कोळसा बोटाला येतो.

पाय, शालीच्या चुण्या, उशाखालचा हात हे चुकलं तरी मी निभावून नेईन. चेहरा जपून उतरवा. बंद पापणीच्या खाली ताईच्या डोळ्याचा जो फुगवटा आहे, आणि ओठ किंचित उघडे, आता काहीतरी बोलेल असे, ते मला हवेत. सगळं चित्र त्यांच्यावर उभं राहणार आहे.

राणी जागी असेल हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. जागी असून तिने त्याला जाऊ दिलं असेल? मग ती काय बाई असेल!

इथे कारखान्यासारखी मोठी खोली दिली आहे नाट्यगृहवाल्यांनी. दिवसभरात आवाज म्हणजे माझ्या चपलांचा. संध्याकाळी पहारेकरी विचारतो, "बाई, झालं का?" मी म्हणते, "नाही." एवढंच आमचं संभाषण. तुमच्या होकारांपेक्षा बरं.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

कागद सोबत पाठवला आहे. उशीर झाला. बटर पेपर तीनदा आणला, दोनदा तो सरकला.

पाय छान उतरलेत. डाव्या पायाची करंगळी तिची अशीच वर असायची, चपलेतून कायम बाहेर. शालीच्या चुण्या मी मन लावून केल्यात. तू त्या काढताना दोन ठिकाणी चुकली आहेस, तिथे कापड असं पडूच शकत नाही. पण मी तुझं तसंच ठेवलं, दुरुस्ती केली नाही. केसांना फार वेळ लागला. कोपरापाशी तू रेघ जाड केली आहेस, तीही तशीच घेतली.

लेकीला मी कशाला हो म्हटलं ते कळलं. तिच्याकडे कायमचं राहायला यायला. आता नाही म्हणायचं जिवावर आलंय. बघू.

जपून राहा. थंडी गेली असेल आता.

भाऊजी


२१ मार्च

भाऊजी,

कागद उघडून जमिनीवर पसरला आणि आधी हसूच आलं. ताई काय खाऊन झोपली होती? दंड केवढे, पाय केवढे! माझं चुकतंय म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं. मग लक्षात आलं. तुम्ही सगळीकडे रेघेच्या बाहेर अर्धं बोट जागा सोडली आहे. शिलाईसाठी! पायाच्या बोटांभोवतीसुद्धा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकटीने मोठ्याने हसले, पहारेकरी बघायला आला.

मग हसू संपलं. कारण चेहरा नाही.

केस आहेत, कान आहे, हनुवटीखालची शालीची किनार आहे आणि मध्ये कोरा कागद. विसरलात म्हणू? ज्या माणसाने करंगळी विसरली नाही, तो तोंड विसरेल? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. पाय छान, चुण्या छान. मी काय दुधखुळी आहे?

तुम्हाला द्यायचा नाही, हे सरळ लिहायचं होतं. तुम्ही ताईला जिवंतपणीही कधी कोणाला दिली नाहीत. चार दिवस माझ्याकडे राहायला ये म्हटलं की दुकान, गिऱ्हाइकं, भाऊजींचं जेवण. त्या एका दुपारी आली, तीसुद्धा संध्याकाळच्या गाडीने परत. आणि आता तीन वर्षं झाली ती गेली त्याला, तरी तुम्ही तिचं तोंड कुलपात घालून बसलात. माझी बहीण तुमच्या आधी माझी होती, भाऊजी.

आता थंडीबद्दल. थंडी नव्हती. माझा उजवा हात थरथरतो. गेलं वर्षभर. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, गोळ्या दिल्या आहेत आणि कमी होणार नाही हेही सांगितलंय. मोठ्या ब्रशने, हाताखाली काठी धरून, भिंत भरून रंग लावता येतो मला. पापणीची रेघ येत नाही. आठवणीतून काढायला गेले, तर रोज माझाच म्हातारा चेहरा उमटतो. समितीला मी हे सांगितलेलं नाही. ही माझी शेवटची भिंत आहे, म्हणून तो कागद हवा होता.

एवढं लिहायला सकाळ गेली. आता पुढे काय लिहू?

धाकटी


७ एप्रिल

धाकटे,

सोबत कामावर घालायचे दोन डगले आहेत. माप अंदाजाने. काजं केलेली नाहीत. बटणं नुसती दाबायची, बोटांना त्रास नाही. बाहीला आतून पट्टा आहे, त्यात ती काठी अडकव म्हणजे सुटणार नाही.

चेहऱ्याबद्दल लिहायला बसतो आणि उठतो. मला थोडे दिवस दे.

भाऊजी


२ मे

धाकटे,

तुझं काही उत्तर आलं नाही. न येणंही बरोबरच आहे. डगले अंगाला बसले असतील अशी आशा करतो.

मी तुझ्यापासून चेहरा लपवला नाही. कागदावर चेहरा नाहीये.

तुझी ताई झोपेत गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. मीही मान हलवली. त्या सकाळी मी नेहमीसारखा उठलो. ती झोपली होती, म्हणून मी चपलासुद्धा घातल्या नाहीत, अनवाणी खाली आलो. दुकान उघडलं. एक जण कोट घ्यायला आला होता, मोठ्या आवाजाचा माणूस. मी त्याला म्हटलं, "हळू बोला, वर झोपली आहे." तो बिचारा कुजबुजत बोलला, कोट घेऊन पाय न वाजवता गेला. मी कॉलर इस्त्री केली. मग चहा घेऊन वर गेलो, तेव्हा कळलं. ती माझ्या शेजारून निघून गेली होती आणि मी गाढ झोपलेलो. तुझ्या राणीबद्दल मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की ती जागी असणार. मी मात्र खरंच झोपलो होतो. मला काही कळलं नाही.

त्यानंतर मला झोपेची धास्ती वाटायला लागली. दिवा मालवायच्या आधी मी कागदापाशी जायचो आणि तिच्या गालाला हात लावायचो. आहे ना, एवढं बघायला. तुला हसू येईल. कोळसा बोटाला यायचा. मी सकाळी हात धुवायचो, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. एका दिवसात काही दिसत नाही गं. मला वाटायचं उन्हाने फिका पडतोय, म्हणून मी खिडकीला जाड पडदासुद्धा शिवला. तू फवारा मारला नव्हतास हे तुझ्या पत्रात वाचलं. चष्मा लावून जवळ गेलो. तिथे फक्त करडा डाग आहे, तळव्याएवढा. डोळ्याचा तो फुगवटा नाही, ओठ नाहीत. मी पुसून टाकले.

बटर पेपर तीनदा आणला तो त्यासाठी. वाटलं, मीच काढू शकेन. पेन्सिल टेकवायचो आणि हात थांबायचा. मला तिच्या खांद्याचं माप येतं. गळा, मनगट, कंबर, म्हातारपणी एक खांदा उतरला होता तो किती, हे सगळं टेप न लावता सांगतो. चेहऱ्याचं माप कधी घेतलं नव्हतं.

तिला तुझ्याकडे येऊ दिलं नाही, असं तू लिहिलंस. मी कधी अडवलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. ती नसली की घर मला खायला उठायचं. आता रोजच उठतं.

तुझ्या भिंतीचं मी वाटोळं केलं, धाकटे. आणखी काय लिहू?

भाऊजी


९ मे

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. खूप रडले. आधी कागदासाठी, मग ताईसाठी, मग त्या मोठ्या आवाजाच्या माणसासाठीसुद्धा, तो बिचारा कुजबुजला म्हणून. तुमच्यावरचा राग शोधत होते, तो सापडला नाही. मी जे ताईबद्दल लिहिलं ते मागे घेते. तिलाही तुमच्याशिवाय करमायचं नाही. त्या दुपारीही उठल्या उठल्या घड्याळच बघितलं होतं तिने.

डगले बसले. निळा रोज घालते. पट्ट्याची युक्ती भारी आहे. उत्तर लिहिलं नाही, कारण रागावलेल्या माणसाने आभार कसे मानायचे ते कळेना.

आता कामाचं बोलू. मला त्या कागदाचा फोटो काढून पाठवायला शेजारच्या कोणाला सांगा म्हणणार होते. पण तुम्ही लिहिलेलं पुन्हा वाचलं: तळव्याएवढा डाग. आणि मी उठून भिंतीसमोर जाऊन उभी राहिले.

भाऊजी, राजा तर परत परत येतो ना? निघतो, चार पावलं जातो, पुन्हा येतो. माझ्या आधीच्या कच्च्या चित्रात तो दूर झाडांत पाठमोरा काढला होता, नुसता आकार. तो मी पुसला. आता तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसलाय. अर्धं वस्त्र खांद्यावर घेतलेलं आहे, निघायची सगळी तयारी आहे आणि एक हात तिच्या गालावर. पूर्ण तळवा. आहे ना, एवढं बघायला. त्या हाताखाली तिचा चेहरा जवळजवळ झाकून जातो. दिसतो फक्त कान, केस, हनुवटीचा शेंडा. ते तुम्ही उतरवून दिलेच आहेत, अर्धं बोट जास्त धरून.

चिटणीसांना कच्चं दाखवलं. त्यांनी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तोंड दिसत नाही." मी म्हटलं, "त्यालाही दिसत नाहीये." त्यावर ते पुढच्या जिन्याच्या रंगाबद्दल विचारून गेले.

पापणीची रेघ मला येत नाही, पण हात येईल असं वाटतं. हात मोठा असतो, राकट असतो, रेघ इकडेतिकडे झाली तर चालते. फक्त तो कोणाचाही चालणार नाही. मला तुमचा हात हवाय. येऊ का?

धाकटी


१६ मे

धाकटे,

ये.

माझा हात राजाचा नाही, आधीच सांगतो. मधलं बोट अंगुस्तानाची लोखंडी टोपी घालून घालून चपटं झालंय. तर्जनीवर सुई टोचल्याच्या खुणा आहेत, त्या जात नाहीत. अंगठा कात्रीने बाहेर वळलाय. तो राज्य जुगारात हरला होता की शिवणकामात, असं लोक विचारतील.

तू गेल्या वेळी आलीस ती तिच्या दिवसकार्याला. त्यानंतर वरच्या खोलीत कोणी आलेलं नाही. झाडून ठेवतो. जिना उंच आहे, कठड्याला धरून चढ.

कागद अजून तिथेच आहे. काढून ठेवावा असं मनात आलं, पण दिवा मालवताना हात अजून तिकडे जातो. आता पुसायला काही उरलं नाही, तेव्हा जाऊ देतो.

लेकीला कळवलंय की सध्या येत नाही, पाहुणे येणार आहेत. ती इतकी चकित झाली की तिचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं.

भाऊजी


२७ मे, दुपार

भाऊजी,

हे तुमच्याच कटिंगच्या टेबलावर बसून लिहितेय. तुम्ही वर झोपला आहात. हे सगळं तुमच्या कानात ओरडून सांगायचं म्हणजे शेजारीपाजारी जमा होतील, म्हणून लिहून ठेवते.

दोन दिवस आपण फारसं बोललो नाही. तुम्ही चहा केलात, मी कप विसळले. तुम्ही शालीच्या त्या दोन चुका दाखवल्यात, आणि त्या चुकाच आहेत, मान्य. आज उशी ठेवून तिच्यावर हात ठेवायला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "किती दाबून?" मी म्हटलं, "रोज ठेवता तसा." तुम्ही बाही वर सारलीत. हात ठेवलात, आणि थोड्या वेळाने तुमची मान कलली.

मी काढत राहिले. हात थरथरला, एका रेघेच्या जागी पाच-सहा आल्या, पण त्यांतली एक खरी असते आणि आज ती मला दिसत होती. चपटं बोट आलं. वळलेला अंगठा आला. तो हात कसा ठेवलाय माहीत आहे? तळव्याचा भार उशीवर नाही. बोटं टेकलीत आणि मधला भाग किंचित उचललेला आहे, खाली कोणी श्वास घेत असेल तर त्याला अडू नये असा. झोपेतही तुम्ही तो तसाच धरलाय. हे मला घरी बसून कधी सुचलं नसतं. भिंतीवर तो आता येईल, याची मला खात्री आहे. कागद गुंडाळला. यावर मी आधी फवारा मारलाय.

ताईचा कागद मी नेत नाहीये. तो फळीवरच राहू दे.

माझी गाडी चारची आहे. तुम्ही इतके शांत झोपलात की उठवावंसं वाटेना. किती महिन्यांनी दुपारी असा डोळा लागला असेल! म्हटलं, चिठ्ठी ठेवावी आणि हळूच निघावं. पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या, तुम्ही त्या सकाळी उतरलात तशीच अनवाणी जिना उतरले. बाहेरच्या दाराची कडी काढली, आवाज होऊ नये म्हणून बोट आत घालून काढली. आणि मग माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. परत आले आणि इथे लिहायला बसले.

गाडी चुकली तर चुकेल, दुसरी मिळेल. हे पत्र कात्रीखाली ठेवते, चपला घालते आणि पाय वाजवत वर येते. हाकेने तुम्ही उठणार नाही, कान गेलेत तुमचे. खांद्याला धरून हलवणार आहे. तुम्ही डोळे उघडून नीट माझ्याकडे बघेपर्यंत थांबेन आणि मग सांगेन, भाऊजी, मी निघते.

धाकटी